यादीतून गेलेलं नाव

१

ज्ञानेश ठोंबरे उंबऱ्यातच उभा राहिला. चपला काढल्या नाहीत, नमस्कार केला नाही.

"मॅडम, माझ्या बापाचं नाव तुम्ही यादीतून का काढलं?"

सुमनताईंना आधी तो ओळखूच आला नाही. मग त्याच्या डोक्यावर नुकते फुटलेले केस दिसले आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"बिरूभाऊ?"

"गेले. चोवीस एप्रिलला. परवा तेरावं झालं."

सुमनताईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. थेरगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत मे महिन्याची दुपार तापली होती आणि पंखा नुसता फिरत होता.

पिंपरीतली फाउंड्री बंद पडून नऊ वर्षं झाली होती. एकतीस वर्षं सुमनताई तिथल्या टाइम ऑफिसात होत्या. कोण किती वाजता आला, कोण गेला, कोणाची रजा, कोणाचा खाडा, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. फाउंड्री गेली, माणसं पांगली. पण छातीत गेलेली वाळूची धूळ कोणाला सोडून गेली नाही. एका धर्मादाय रुग्णालयानं जुन्या कामगारांची मोफत तपासणी सुरू केली, तेव्हा सगळ्यांना कळवायचं काम सुमनताईंनी अंगावर घेतलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळच्या फुलांखाली कामाचं काही सापडत नसे. म्हणून भाचीच्या मदतीनं त्यांनी ईमेलची यादी केली. एक पत्र लिहायचं, ते एकाच वेळी बासष्ट जणांना जायचं.

"फेब्रुवारीत तपासणी झाली," ज्ञानेश म्हणाला. "दशक्रियेला फाउंड्रीतले मारुतराव आले होते. ते म्हणाले, बिरू आला कसा नाही? आम्हाला तर दोन तारखेलाच मेल आली. मी बाबांचा फोन बघितला. नोव्हेंबरनंतर तुमचं एक पत्र नाही त्यात."

"झालं काय होतं त्यांना?"

"आमचा डॉक्टर दमा म्हणून औषध देत होता. शेवटी वायसीएम हॉस्पिटलला नेलं, तर टीबी निघाला. धुळीनं आधीच चाळण झालेली फुप्फुसं, त्यात टीबी. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं." त्यानं सुमनताईंकडे बोट दाखवलं. "दोन महिने आधी म्हणजे तुमची तपासणी, मॅडम."

सुमनताईंना तो दिवस आठवला. वीस फेब्रुवारीला रुग्णालयाच्या दारात टेबल टाकून त्या बसल्या होत्या आणि आलेल्या माणसांच्या नावांपुढे खुणा करत होत्या. बिरू आला नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. जे नाव यादीतच नाही, त्याची गैरहजेरी लागत नाही.

"ज्ञानेश, मी नाव काढलं नाही," त्या हळू म्हणाल्या. "जानेवारीत मला सूचना आली होती. बिरूभाऊंनी नाव स्वतःच काढून घेतलं."

ज्ञानेशनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझा बाप रोज सकाळी चहाच्या आधी फोन उघडून विचारायचा, 'ताईंचं काही आलं का बघ.' मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत विचारत होता. आणि तो स्वतः नाव काढेल?"

२

तो गेल्यावर सुमनताईंनी भाचीला, तनुजाला, फोन लावला. तनुजा हिंजवडीला नोकरीला होती. यादी तिनंच बांधून दिली होती.

"नोंद सापडली, मावशी," अर्ध्या तासानं ती म्हणाली. "अकरा जानेवारी, सकाळी अकरा वीस. नोव्हेंबरच्या पत्राखालची ओळ दाबली गेली आणि बिरूकाकांचं नाव निघालं."

त्या पत्राच्या तळाशी सुमनताईंनी दोन वाक्यं घातली होती. 'ही यादी फक्त हजेरीपटावरील कायम कामगारांसाठी आहे. आपण त्यात नसल्यास खालची ओळ दाबून नाव काढावे.' आणि त्याखाली निळ्या अक्षरांत: 'माझे नाव काढा'.

"दुसऱ्याच कोणाच्या पत्रातून चुकून त्यांचं नाव निघालं, असं होईल?"

"नाही. प्रत्येकाच्या पत्रातली ती ओळ वेगळी असते. मारुतरावांच्या पत्रातली दाबली तर मारुतरावांचंच नाव जाईल. ही ओळ बिरूकाकांच्याच पत्रातली आहे. पासवर्ड वगैरे लागत नाही. दाबली की झालं."

"म्हणजे त्यांनीच दाबली."

"नोंद तर तसंच म्हणते."

जानेवारीत ती सूचना आली तेव्हाही सुमनताईंना हेच वाटलं होतं, आणि त्याचं कारणही त्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरात बिरू एक विनंती घेऊन घरी आला होता. त्यांनी ती मानली नव्हती. रुसला असेल, असं म्हणून त्यांनी सूचना मिटली होती. एक फोन केला नव्हता.

"मावशी, अजून एक आहे," तनुजा म्हणाली. "हे मोबाइलवरून झालेलं नाही. संगणकावरून झालंय. काकांकडे होता का?"

नव्हता. बिरूचा साधा फोन सुटून मोठा फोन हातात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या घरात संगणक वापरणारा एकच माणूस होता. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेला ज्ञानेश.

३

बिरूचं घर म्हाळुंग्याच्या पुढच्या वाडीवर होतं. भोवतीनं कंपन्यांच्या पत्र्याच्या भिंती उठल्या होत्या; मधे दोन आंब्यांखाली हे घर. सरुबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या. ज्ञानेश दारात.

"ज्ञानेश, तुझ्याकडे लॅपटॉप आहे ना?"

क्षणभर त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा तो ताडकन पुढे आला. "मी? मी माझ्या बापाचं नाव काढीन?"

"विचारावं लागतं, बाबा. अकरा जानेवारी, सकाळी अकरा वीस."

"कंपनीचा लॅपटॉप आहे. गेटच्या बाहेर येत नाही आणि त्यावर बाहेरचं मेल उघडत नाही. अकरा तारखेला फर्स्ट शिफ्टला होतो, ऑडिट होतं. विचारा जाऊन कोणालाही."

"त्याला कशापायी बोल लावताय, ताई?" सरुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बापानं सांगितल्याबिगर त्यो फोन हातात बी घेत नव्हता. आन् त्या दिसांत फोन घरात व्हताच कुठं?"

"म्हणजे?"

"भोगीच्या आधी पडला की हातातनं. काच फुटली. चाकणात दुरुस्तीला दिला व्हता. लेकीला सणाला बोलवायचं, तर शेजारच्या घरनं फोन केला म्या. संक्रांतीला आणला माघारी."

सुमनताई सावरून बसल्या. नाव निघालं तेव्हा बिरूच्या हातात फोनच नव्हता.

"नाव गेल्याचं बिरूभाऊंना कधी कळलं?"

"कळलं कुठं? पत्रं येईनाशी झाली एवढंच कळलं." सरुबाईंनी पदर सारखा केला. "मार्चात मारुतरावाला फोन करून इचार म्हनलं. न्हाई म्हनले. म्हनले, सरू, ताईंनीच वगळलं मला. म्या ऑक्टोबरात त्यांच्याकडं शब्द टाकला, त्यो त्यांना रुचला न्हाई. आता कुन्या तोंडानं इचारू?"

सुमनताईंनी मान खाली घातली. इकडे त्या समजत होत्या बिरू रुसला. तिकडे बिरू समजत होता ताई रुसल्या.

"फोन कोणाकडे दिला होता?" त्यांनी विचारलं.

४

आंबेठाण चौकाजवळ अरबाजचं दुकान होतं. काउंटरवर उघडे फोन, बारीक स्क्रू, आणि कोपऱ्यात एक संगणक. सुमनताईंची नजर तिथेच खिळली. ज्ञानेशचीही.

अरबाज पंचविशीतला, बोलका. त्यानं वही काढली. "बिरूकाका ठोंबरे. नऊ जानेवारी, डिस्प्ले. मुंबईहून माल यायला उशीर झाला. चौदाला दिला. काका कसे आहेत?"

ज्ञानेशनं सांगितलं. अरबाजचे हात थांबले. त्यानं वही मिटून बाजूला ठेवली.

"फोन इथे असताना त्यातली पत्रं कोणी या संगणकावर उघडली का?" सुमनताईंनी विचारलं.

"मावशी, डिस्प्लेच नव्हता. फोन मेल्यासारखा पडून होता. आणि काकांचा पासवर्ड मला कसा माहीत असणार?" तो दुखावला नाही, विचार करून बोलला. "या संगणकावर मी फक्त बिलं करतो. पण काकांना त्या पत्रांची फार काळजी. फोन द्यायला आले तेव्हा दोनदा विचारलं, माझी पत्रं पुसली तर जाणार नाहीत ना? त्यांना पुढं पाठवायला मीच शिकवलं होतं."

"पुढं पाठवायला?"

"हां. फॉरवर्ड. गेल्या वर्षी आले होते. म्हणाले, बाळा, आलेलं पत्र जसंच्या तसं दुसऱ्याला धाडायचं कसं? एका चिठ्ठीवर पत्ता लिहून आणला होता. मी तो घालून दिला."

"कोणाचा पत्ता?"

"नाव लक्षात नाही, मावशी. मी विचारलं, कोण आहे? तर म्हणाले, ज्याला हे पत्र माझ्याआधी जायला पाहिजे होतं, तो."

ते नाव सुमनताईंना ठाऊक होतं.

५

ज्ञानेशनं बापाचा फोन त्यांच्या हातात दिला आणि तो मोटरसायकल काढायला गेला. दुकानाच्या पायरीवर बसून सुमनताईंनी पाठवलेली पत्रं उघडली. चारच होती. चारही एकाच पत्त्यावर. नूरमोहम्मद.

नूरमोहम्मद फाउंड्रीत ग्राइंडरवर होता. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा घासायच्या, दिवसभर धुळीच्या लोटात. सगळ्यात जास्त धूळ त्या खात्यात; आणि ते खातं सगळं कंत्राटदाराचं. सतरा वर्षं तो त्याच गेटातून आत आला, पण हजेरीपटावर त्याचं नाव कधी चढलं नाही. बिरू आणि तो एकाच डब्यात जेवायचे.

ऑक्टोबरात बिरू थेरगावला आला होता तो यासाठीच. "ताई, नूरचं नाव घाला की. तो माझ्याहून जास्त खोकतो."

"बिरूभाऊ, रुग्णालयानं कायम कामगारांची यादी मागितली आहे. एकाला घेतलं तर शंभर येतील."

"येऊ द्या की. धूळ सगळ्यांनीच खाल्ली."

त्यांनी नाही म्हटलं होतं. रुग्णालयाला विचारूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि पुन्हा कोणी असा शब्द टाकायला येऊ नये, म्हणून नोव्हेंबरच्या पत्राखाली ती दोन वाक्यं घातली होती.

टाइम ऑफिसात एक चोरी नेहमी चाले. कार्ड एकाचं, ते यंत्रात घालणारा हात दुसऱ्याचा. कार्डावर वेळ उमटायची ती कार्डवाल्याच्या नावानं. सुमनताईंनी असे कितीतरी हात पकडले होते. आता फोन मांडीवर ठेवून त्यांनी तसाच हिशेब लावला. ओळ बिरूच्या पत्रातली. पण बिरूनं ते पत्र जसंच्या तसं पुढे धाडलं होतं, आणि पत्राबरोबर ओळही गेली. तिकडे ज्यानं ती दाबली, त्याला वाटलं आपलं नाव निघालं. निघालं बिरूचं.

पत्र नोव्हेंबरचं आणि दाबलं गेलं जानेवारीत, कारण वाचणारा क्वचितच पत्रं उघडणारा होता. संगणकावरून, कारण त्याच्याकडे मोठा फोन नव्हता. आणि नोव्हेंबरचंच, कारण आधीच्या तीन पत्रांत ती वाक्यं नव्हतीच.

"कळलं काही?" ज्ञानेश समोर उभा होता.

"एका ठिकाणी जाऊन यायचंय," सुमनताई म्हणाल्या. "एकटीलाच."

त्यांनी फोन परत दिला. ती चार पत्रं पुसावीत असं मनात आलं होतं, पण बिरूच्या हातानं गेलेली ती पत्रं पुसायला बोट पुढे झालं नाही.

६

रहाटणीत एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर नूरमोहम्मद राहायचा. दार त्यानंच उघडलं. गालफडं बसलेली, खांदे पुढे आलेले. दारापर्यंत येऊनच त्याला धाप लागली.

"सुमनताई! आमच्या दारी?" तो हसला आणि हसण्यातूनच खोकला सुरू झाला. बायकोनं, बेगमनं, आतून खुर्ची आणली.

"कुठे होतात, नूरभाई?"

"मार्चपासून लातूरला, मुलीकडे. छाती धरते म्हणून फरहीननं ठेवून घेतलं. परवा आलो." त्यानं घोटभर पाणी घेतलं. "आमचा बिरू काय म्हणतो? रुसला असेल ना माझ्यावर?"

"का रुसेल?" सुमनताईंनी विचारलं.

"तुमची पत्रं तो मला धाडायचा. चौकातल्या सेवा केंद्रात एक पोरगी आहे, ती संगणकावर वाचून दाखवते. जानेवारीत गेलो, तर ती म्हणाली, चाचा, खाली लिहिलंय, फक्त कायम कामगारांसाठी. तुम्ही कायम होता का? म्हटलं, नाही बाई. ती म्हणाली, मग नाव काढा असं लिहिलंय. म्हटलं, लिहिलंय तर काढ." तो सहज बोलत होता, जणू गेटावरची एखादी पाटी वाचून बाजूला झाला होता. "ज्या पंगतीत आपलं पान नाही तिथे कशाला बसायचं, ताई? पण बिरूनं मायेनं धाडलं होतं. नंतर त्याची पत्रं थांबली. मला कळलं, त्याला लागलं. फोन करायला तोंड नव्हतं. आता बकरी ईदला बोलावतो, दोन शिव्या देईल आणि जेवेल."

बेगम आतून बशीत बिस्किटं घेऊन आल्या. सुमनताईंनी त्यांना बसायला सांगितलं. मग त्यांनी बिरू गेल्याचं सांगितलं.

नूरमोहम्मदनं ओठांतच मयताची दुआ पुटपुटली. मग म्हणाला, "मातीलाही नव्हतो मी."

"टीबी होता. उशिरा कळलं."

"उशिरा कसं? तुमची तपासणी होती ना? तो तर कायम होता. त्याला तर पत्र आलं असेल."

सुमनताई त्याच्या हातांकडे बघत होत्या. ग्राइंडरनं बोटांची टोकं कायमची बोथट केली होती. खरं सांगितलं असतं, तर या माणसाचे उरलेले दिवस त्या एका गोष्टीखाली गेले असते.

"नाही गेलं पत्र," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. माझ्यामुळे त्यांचं नाव यादीतून गेलं." त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

नूरमोहम्मदनं त्यांच्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी आठला तयार राहा," सुमनताई उठत म्हणाल्या. "तुमची छाती दाखवायची."

"पण ताई, मी तर यादीत..."

"तयार राहा."

७

रुग्णालयात कोणी हजेरीपट विचारला नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्या म्हणाल्या, "कंत्राटी असोत, कोणी असोत, आधीच आणायचं ना. आम्ही कधी नको म्हटलं?" सुमनताई तिथल्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. एका प्रश्नाचं हे उत्तर होतं, आणि तो प्रश्न त्यांनी ऑक्टोबरात विचारायला हवा होता.

तीन दिवसांनी अहवाल आला. धूळ होतीच, आणि टीबीही. पण आताच सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या औषधानं टीबी बरा होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धुळीला औषध नव्हतं.

त्याच संध्याकाळी सुमनताई वाडीवर गेल्या आणि सरुबाईंसमोर, ज्ञानेशसमोर बसून सगळं बोलल्या. ऑक्टोबरातली विनंती, आपला नकार, ती दोन वाक्यं, पुढे धाडलेलं पत्र, जानेवारीची सूचना, न केलेला फोन.

"ओळ दाबली कोणी?" ज्ञानेशनं विचारलं.

"ते नाव मी सांगणार नाही. त्यानं मी लिहिलेलं पाळलं, एवढाच त्याचा गुन्हा."

"म्हणजे तुम्हीच."

"हो. तू पहिल्या दिवशी म्हणालास तेच."

सरुबाई उठल्या. "एक फोन करायचा व्हता, ताई," त्या म्हणाल्या. "तुमी बी. आन् त्यांनी बी." मग त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. ज्ञानेशनं दाराकडे पाहिलं. आता उठायला हवं, हे सुमनताईंना कळलं.

घरी येऊन त्यांनी यादीला पत्र लिहिलं. बिरू ठोंबरे गेले. त्यांना तपासणीचं कळलं नाही, ते माझ्यामुळे. आणि ज्याला कोणाला आपल्या खात्यातला एखादा कंत्राटी माणूस आठवत असेल, त्यानं त्याचा पत्ता कळवावा. तळाशी काही लिहिलं नाही. सकाळपर्यंत एकोणीस नावं आली.

औषध सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तोंडाला मास्क लावून बाहेर जायची परवानगी दिली, तसा नूरमोहम्मद म्हणाला, "मला बिरूच्या घरी न्या."

सुमनताईंनी पुष्कळ टाळलं. तो ऐकेना. शेवटी रिक्षा केली. वाटभर त्या विचार करत राहिल्या. ज्ञानेशनं बापाच्या फोनमधली ती चार पत्रं पाहिली असतील का? पाहिली असतील, तर दारात काय होईल?

ज्ञानेश अंगणातच होता. रिक्षातून उतरणाऱ्या म्हाताऱ्याकडे तो बघत राहिला. नूरमोहम्मदनं मास्कवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मी नूर. तुझ्या बापाबरोबर..."

"माहीत आहे," ज्ञानेश म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावरून सुमनताईंना काहीच वाचता येईना. मग तो पुढे आला, त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरला आणि पायरी चढताना त्याचं वजन आपल्या अंगावर घेतलं.

"या काका. आई आत आहे."

थोड्या वेळानं आतून सरुबाईंचा रडण्याचा आवाज आला, आणि त्यात मिसळलेला नूरमोहम्मदचा खोकला. सुमनताईंना कोणी आत बोलावलं नाही. त्यांनी तशी अपेक्षाही केली नव्हती. रिक्षावाल्याला थांबायला सांगून, नूरमोहम्मदचं औषधाचं कार्ड हातात धरून, त्या आंब्याखाली उभ्या राहिल्या.